ख्मेर युद्धकला आली कुठून? बोकाटोर, कुन ख्मेर आणि बाकीच्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंबोडियाला जाऊन आले तेव्हापासून ओळखीचे, नात्यातले, जिममधले सगळे हेच विचारतात, की अंकोर वाट ठीक आहे पण ते बोकाटोर की काय ते काय प्रकरण आहे? दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलं. मी इतिहासाची प्रोफेसर नाही, पण ह्या विषयाचं मला मनापासून वेड आहे आणि जे पक्कं माहितीये तेवढंच इथे लिहिलंय.

ख्मेर युद्धकला म्हणजे एकच कला का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. (ख्मेर म्हणजे कंबोडियातले लोक आणि त्यांची भाषा.) ढोबळ मानाने चार गोष्टी लक्षात ठेवा. एक बोकाटोर, म्हणजे लढाईच्या मैदानावरची जुनी कला, ज्यात हात, पाय, गुडघा, कोपर, कुस्तीची पकड, काठी, तलवार सगळंच येतं. दुसरं कुन ख्मेर, ह्यालाच प्रदाल सेरेई म्हणजे 'मुक्त मुष्टियुद्ध' पण म्हणतात, हे रिंगमधे ग्लोव्हज घालून खेळतात. तिसरी बोक चाम्बाप, म्हणजे त्यांची कुस्ती. आणि चौथी दाम्बोंग वेंग, लांब काठीची लढाई. ह्या सगळ्यांना मिळून तिकडे 'क्बाच कुन बोरान' असं म्हणतात आणि त्यातला बोरान म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपला 'पुराण' हाच शब्द आहे, जुनं ह्या अर्थाने. शिकवणारा तो 'क्रू', म्हणजे आपला गुरू. मान देऊन बोलायचं तर 'लोक क्रू', आपण गुरुजी म्हणतो ना, तसं.

बोकाटोर ह्या नावाचा अर्थ काय?

'बोक' म्हणजे कुटणे, ठोकणे आणि 'ताओ' म्हणजे सिंह. सिंहाला ठोकून काढणे! शेवटचा 'र' आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून म्हणतो, ख्मेर माणसाच्या तोंडी तो येत नाही. आणि आपल्याकडे बुकलून काढणे म्हणतात ते मला लगेच आठवलं, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही पण नाव लक्षात ठेवायला एकदम सोपं जातं.

गोष्ट अशी सांगतात की एका गावात सिंह येऊन माणसं मारत होता, एका योद्ध्याच्या हातात फक्त एक सुरा होता, सिंह अंगावर आला तेव्हा त्याने असा एक गुडघा हाणला की सिंह जागच्या जागी मेला. आता ह्यात एक गंमत बघा, कंबोडियाच्या जंगलात वाघ होते, हत्ती होते, पण सिंह तिथला प्राणीच नाही. सिंह तिथे गेला तो भारतातून, गोष्टींतून आणि मूर्तींतून. अंकोरच्या, म्हणजे ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीतल्या, मंदिरांच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दगडी सिंह बसवलेत ते बघितले की कळतं, घडवणाऱ्याने खरा सिंह बघितलेला नसणार. म्हणून मला ही गोष्ट एखाद्या खऱ्या शिकारीची वाटत नाही. सिंह म्हणजे राजाचं, सत्तेचं चिन्ह, आणि त्याला गुडघ्याने मारणारा माणूस कला शिकलेला. गोष्ट रचणाऱ्याला हे सांगायचं असावं असं माझं मत.

ही कला खरंच २००० वर्षं जुनी आहे का?

युनेस्कोच्या नोंदीत पहिल्या शतकाच्या आसपासचा काळ दिलाय आणि कंबोडियात सगळे तेच अभिमानाने सांगतात. तो काळ म्हणजे मेकाँगच्या खालच्या खोऱ्यातल्या फुनान नावाच्या राज्याचा सुरुवातीचा काळ. राज्य म्हटलं की सैन्य आलं, सैन्य आलं की लढायचं शिक्षण आलं, तेव्हा लढण्याची काहीतरी पद्धत असणार ह्यात शंका नाही. पण आज जे बोकाटोर शिकवतात तेच तेव्हा होतं असं म्हणायचं तर हातात काहीतरी पुरावा पाहिजे. बघता येईल, बोट ठेवता येईल असा भरभक्कम पुरावा मिळतो तो १० व्या शतकापासून पुढे, दगडात. म्हणून मला कोणी विचारलं तर मी सांगते की हजार वर्षं डोळे मिटून म्हणा, त्याच्या मागचं परंपरा सांगते म्हणून ऐका. हजार वर्षं काय कमी आहेत का?

मंदिरांच्या भिंतींवर नेमकं काय दिसतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

सुरुवात बांतेय स्रेईपासून करा. लालसर गुलाबी दगडाचं छोटंसं शंकराचं मंदिर, सन ९६७ चं, आणि बांधलं राजाने नाही तर यज्ञवराह नावाच्या त्याच्या दरबारातल्या विद्वान ब्राह्मणाने. तिथे पश्चिमेच्या गोपुरावर वाली आणि सुग्रीवाचं द्वंद्व कोरलंय. मी जवळजवळ अर्धा तास तिथेच उभी होते, गाइड कंटाळून सावलीत जाऊन बसला. दोघे असे भिडलेत की कुठला हात कुणाचा ते पटकन कळतच नाही, अंग अंगाला चिकटलेलं, गुडघे वाकलेले, एकाचं वजन दुसऱ्यावर. आणि बाजूला राम धनुष्य ताणून उभा. आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे, पण आपल्या डोळ्यासमोर राम येतो, कोरणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र ती पकड होती. ज्याने कधी आखाड्यात झोंबी बघितली नाही त्याला हे असं जमणं शक्यच नाही.

मग कोह केर. १० व्या शतकात काही वर्षं राजधानी तिथे होती, चौथ्या जयवर्मनच्या काळात. तिथल्या झुंजणाऱ्या मल्लांच्या आणि वाली-सुग्रीवाच्या मूर्ती आता नोम पेन्हच्या, म्हणजे आजच्या राजधानीतल्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. भिंतीवरच्या शिल्पाला एकच बाजू असते, ह्यांच्याभोवती मात्र चक्कर मारता येते आणि मागून बघितलं की पाठीचे, मांडीचे स्नायू किती ताणलेत ते दिसतं.

अंकोर वाट म्हणजे १२ व्या शतकाचा पूर्वार्ध, दुसरा सूर्यवर्मन. पश्चिमेच्या गॅलरीत एका बाजूला कुरुक्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला लंकेची लढाई, दोन्ही मिळून माणसं, माकडं, राक्षस, हत्ती, रथ ह्यांचा नुसता खच. लंकेच्या लढाईत वानर राक्षसांना चावतायत, पाय धरून ओढतायत, मानेवर चढतायत. दक्षिणेकडे खुद्द सूर्यवर्मनची मिरवणूक आहे, सेनापती हत्तीवर आणि पायदळ ओळीने खाली.

आणि बायोन मंदिर, सातव्या जयवर्मनचं, १२ व्या शतकाचा शेवट आणि पुढचा काळ. ११७७ मधे शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांनी अंकोर लुटलं होतं, त्यानंतर जयवर्मनने त्यांना हाकललं, ती नौकांवरची लढाई बाहेरच्या भिंतींवर आहे. पण त्याच भिंतीवर बाजार आहे, कोंबड्यांची झुंज आहे, कसरती करणारे आहेत आणि कुस्ती खेळणारे पण आहेत. म्हणजे झुंज ही नुसती सैन्याची गोष्ट नव्हती, जत्रेतली, लोकांची पण होती. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण राजे गेले, राजधानी गेली तरी कला टिकली ती गावातल्या लोकांमुळेच.

सैनिक चिलखत वगैरे घालायचे का?

शिल्पात काहींच्या अंगावर जाकिटासारखं काहीतरी दिसतं, पण साधा शिपाई बऱ्यापैकी उघडाच. चीनचा झोउ डागुआन १२९६-९७ मधे अंकोरला राहून गेला, त्याने लिहून ठेवलंय की सैनिक उघडे आणि अनवाणी, उजव्या हातात भाला, डाव्या हातात ढाल. एवढंच. अंगावर लोखंड नसेल तर चपळाई, अंतर सांभाळणं आणि जवळ आल्यावर कोपर-गुडघा हेच खरं चिलखत, आणि आजही ख्मेर लढवय्यांचा कोपरावर जो भर आहे तो बघितला की हे वर्णन पटतं.

म्हणजे ही कला भारतातून गेली का?

हा प्रश्न आपले लोक फार उत्साहाने विचारतात आणि उत्तर 'हो' असंच असावं अशी त्यांची इच्छा असते. खरं सांगायचं तर गोष्टी गेल्या, शब्द गेले, देव गेले. रामायण तिकडे रियामकेर झालं, सुग्रीवाचा सुग्रीप झाला, गुरूचा क्रू झाला. पण डाव, पेच, पवित्रे इथून गेले असं म्हणायला आधार नाही. शेतात राबणारा, हत्ती पकडणारा, शेजाऱ्यांशी शेकडो वर्षं लढणारा समाज स्वतःचं लढणं स्वतःच शिकतो. ख्मेर लोकांनी आपल्या महाकाव्यांतले प्रसंग घेतले आणि त्यात त्यांची स्वतःची झुंज कोरली, असं मी म्हणेन. भीम आपला असेल, पण त्याचा पवित्रा ख्मेर आहे.

दुर्योधनाच्या मूर्तीचं प्रकरण काय होतं?

कोह केरच्या प्रासात चेन मंदिरात भीम आणि दुर्योधनाच्या गदायुद्धाचा पूर्ण देखावाच होता, सुट्या मूर्तींचा. दुर्योधन उडी घ्यायच्या तयारीत, समोर भीम, आजूबाजूला बघणारे, त्यात बलराम पण, म्हणजे ज्याने दोघांनाही गदा शिकवली तो गुरू. १९७० च्या दशकात यादवी युद्धाच्या धामधुमीत चोरांनी ह्या मूर्ती घोट्यातून तोडून नेल्या. पावलं तशीच चौथऱ्यावर राहिली. २०११ मधे दुर्योधनाची मूर्ती न्यूयॉर्कमधे लिलावाला आली तेव्हा कंबोडियाने हरकत घेतली, कोर्टकचेरी झाली आणि ती पावलं हाच मोठा पुरावा ठरला. २०१४ मधे दुर्योधन, भीम आणि बलराम तिघेही घरी परतले. गुरू आणि दोन्ही शिष्य एकाच वर्षी, मला तर हे वाचताना गहिवरून आलं होतं.

कुठली शस्त्रं वापरतात?

लांब काठी, हाताला बांधायच्या आखूड काठ्या, तलवार, भाला. पण खास त्यांचं म्हणजे 'फ्काक', वाकड्या लांब दांड्याचा कुऱ्हाडीसारखा कोयता. अंकोरच्या शिल्पांत हत्तीवरचे सरदार तो खांद्यावर टाकून बसलेत. आणि क्रामा, म्हणजे त्यांचा चौकटीचा सुती पंचा, हा कमरेला तर असतोच पण मुठीला गुंडाळायला, हात अडकवायला पण वापरतात. गावात त्याच क्रामात बाळाचा झोळणा करतात, तोच डोक्याला बांधतात.

अंगावरचे मंत्र आणि दोरे कशासाठी?

बोकाटोरवाले डोक्याला आणि दंडाला लाल-निळे रेशमी दोर बांधतात. पूर्वी समजूत अशी की ते मंतरलेले असतात आणि त्याने बळ येतं, आता मुख्यतः रीत म्हणून. शिवाय सैनिक अंगावर यंत्रं गोंदवून घ्यायचे, त्याला तिकडे पण यंतच म्हणतात, तलवार लागू नये, गोळी लागू नये म्हणून. लढतीच्या आधी गुरूला वंदन करायचा विधी असतो, 'कुन क्रू', तो आजही रिंगमधे प्रत्येक लढतीआधी होतो.

फ्रेंचांच्या काळात काय बदललं?

१८६३ ते १९५३ फ्रेंचांचा अंमल होता. मुष्टियुद्धाला रिंग आली, वेळ लावलेल्या फेऱ्या आल्या, ग्लोव्हज आले. त्याआधी हाताला दोर गुंडाळून मातीत लढायचे. प्रदाल सेरेईचं आजचं रूप, पाच फेऱ्या आणि तीन-तीन मिनिटं, हे तिथून आलं. वाद्यं मात्र जुनीच राहिली, स्रालाई म्हणजे सनईसारखं वाद्य, साम्फो नावाचा ढोल आणि छोटे टाळ. एकदा प्रत्यक्ष ऐकाच. सुरुवातीला संथ, विधी चालू असेपर्यंत, आणि लढत तापली की वाजवणारे पण वेग वाढवतात, प्रेक्षक प्रत्येक गुडघ्याला एका सुरात ओरडतात आणि आपणही कधी ओरडायला लागलो ते कळत नाही.

ख्मेर रूजच्या काळात काय झालं?

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्टांनी, नोम पेन्ह घेतलं आणि जानेवारी १९७९ पर्यंत त्यांचं राज्य होतं. तेवढ्या काळात १५ ते २० लाख माणसं मेली, उपासमारीने, अतिश्रमाने, आजाराने आणि सरळ सरळ ठार मारून. सगळ्या देशाची लोकसंख्याच तेव्हा ८० लाखांच्या आसपास. शिक्षक, कलाकार, भिक्षू, जुन्या सैन्यातले लोक, ज्याच्याकडे काहीही ज्ञान आहे तो संशयित. युद्धकला शिकवणारा तर दुहेरी धोक्यात, कारण तो जुन्या जगाचा पण आणि वर लढता येणारा. कित्येक क्रू मारले गेले, जे वाचले त्यांनी आपल्याला काही येतं हे लपवूनच जीव वाचवला.

ही कला पुस्तकांत नव्हती हे नीट समजून घ्या. क्रूच्या अंगात होती, त्याच्या शिष्याच्या अंगात जायची. असा एक माणूस गेला म्हणजे त्याच्याबरोबर त्याला एकट्यालाच येणारे डाव गेले, ते परत कुठून आणणार?

मग ती परत कशी उभी राहिली?

इथे एक नाव घ्यायलाच पाहिजे, सान किम सिआन. ख्मेर रूजच्या तावडीतून ते वाचले, १९८० मधे अमेरिकेला गेले, तिथे कोरियन हापकिडो शिकवून पोट भरलं, पुढे कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला गेले जिथे कंबोडियन लोकांची मोठी वस्ती आहे, आणि तिथल्या आपल्याच पोरांना बोकाटोर हे नावही माहीत नाही हे त्यांना बघवेना. मायदेशी येऊन २००१ मधे नोम पेन्हला मुक्काम हलवला, शिकवायला सुरुवात केली, आणि गावोगाव फिरून उरलेले म्हातारे क्रू शोधायला लागले.

जे सापडले त्यातले बरेच साठीच्या पुढचे, काही तर नव्वदीला टेकलेले, आणि पुष्कळ जण शिकवायलाच तयार नव्हते. भीती वीस-पंचवीस वर्षांनीही गेलेली नव्हती. उघड्यावर काठी फिरवायची म्हणजे कोणीतरी बघेल, ही भीती. त्यांना समजावून एकत्र आणायला वर्षं गेली, आणि सप्टेंबर २००६ मधे नोम पेन्हच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर बोकाटोरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, नऊ प्रांतांतले संघ घेऊन. नोव्हेंबर २०२२ मधे युनेस्कोने 'कुन ल्बोकाटोर'ला, म्हणजे बोकाटोरलाच, मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मग आज शिकवतात ते जुनंच आहे की नवीन बनवलेलं?

काही लोक हा प्रश्न खोचकपणे विचारतात, पण प्रश्न रास्त आहे. शिकवायची चौकट बरीचशी नवी आहे. क्रामाचे रंग, म्हणजे पांढऱ्यापासून सुरू होऊन हिरवा, निळा, लाल, तपकिरी आणि शेवटी काळा, ही पायऱ्यांची पद्धत कराटेच्या पट्ट्यांसारखीच आहे आणि ती आधुनिक काळातच आलीये. पण माकड, सिंह, हत्ती, मगर, अप्सरा अशा रूपांतल्या हालचाली, काठीचे हात, पकडी, हे त्या म्हाताऱ्या क्रूंकडून आलंय. फाटलेलं लुगडं जोडताना धागा नवा लागतोच, म्हणून लुगडं नवं होत नाही.

मुली शिकतात का?

हो, आणि भरपूर. थारोथ साम ह्या बोकाटोरमधून आलेल्या बाईने पुढे आंतरराष्ट्रीय मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या रिंगमधे लढती केल्यात. तिचं बघून कित्येक मुली आल्या.

कुन ख्मेर आणि मुए थाई एकच ना? मग भांडण कसलं?

मुए थाई म्हणजे थायलंडचं मुष्टियुद्ध. बघणाऱ्याला दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं, आठ अंगांनी लढायचं, दोन हात, दोन पाय, दोन कोपर, दोन गुडघे. आधी विधी, सोबत वाद्यं. भांडण आहे ते कोणाचं आधीचं ह्यावर. कंबोडियन म्हणतात की आमची शिल्पं बघा, आणि १४३१ मधे अयुथ्यावाल्यांनी, म्हणजे तेव्हाच्या थाई राज्याने, अंकोर जिंकलं तेव्हा इथले कलावंत, कारागीर नेले, त्यांच्याबरोबर कला पण गेली. थाई म्हणतात की आमची परंपरा आमची. २०२३ च्या मे महिन्यात सी गेम्स, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या क्रीडास्पर्धा, पहिल्यांदाच कंबोडियात झाले तेव्हा यजमानांनी खेळाचं नाव 'मुए' न ठेवता 'कुन ख्मेर' ठेवलं, थायलंडने त्यात खेळाडूच पाठवले नाहीत. बोकाटोर पण त्याच स्पर्धेत होतं.

माझं मत विचाराल तर अंकोर आणि अयुथ्या शेकडो वर्षं एकमेकांशी लढत होते, लोक इकडून तिकडे जात होते, पकडून नेले जात होते, लग्नं होत होती. अशा ठिकाणी डाव कुठल्या बाजूला आधी सुचला हे ठरवता येत नाही. पण कंबोडियन माणसाला ह्या नावाचं इतकं का लागतं ते मात्र कळतं. मुए थाई जगभर पोचलं त्या वर्षांत ह्यांचे शिकवणारे मारले जात होते. ते लक्षात न घेता 'कॉपी केलीये' म्हणून कमेंट टाकू नका, कळकळीची विनंती आहे.

कुस्तीबद्दल जरा सांगा ना, आपल्यासारखीच असते का?

बोक चाम्बाप. तीन फेऱ्या, समोरच्याची पाठ जमिनीला लावली की फेरी जिंकली, म्हणजे चीतपट हाच निकाल, आपल्या माणसाला समजावून सांगावंच लागत नाही. फरक ढोलाचा. दोन ढोल, एक नर आणि एक मादी मानतात, आणि पैलवान आधी त्या तालावर नाचतात, हात फिरवत, एकमेकांना जोखत, मग अचानक भिडतात.

बघायची असेल तर प्चुम बेनच्या शेवटच्या दिवशी कंदाल प्रांतातल्या विहेआर सुओर गावाला जा, रेड्यांच्या शर्यतींसाठी ते प्रसिद्ध आहे आणि सोबत कुस्त्या असतात. प्चुम बेन हा पितरांचा पंधरवडा, भाद्रपदाचा कृष्ण पक्ष, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षाच्याच आसपास. त्यातलं 'बेन' म्हणजे पिंड. पहाटे अंधारात पॅगोड्यात जाऊन पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात, आणि दिवस वर आला की त्याच गावात, रेड्यांच्या खुरांनी उडालेल्या धुळीत, ढोल वाजायला लागतो आणि पोरं शर्ट काढून क्रामा कमरेला आवळतात.